शांती आहे का?

रविवार संध्याकाळ, मॉरिसव्हिल

झाडांना पूजणाऱ्या आमच्या ड्रुइड पंथात विधीआधी तीनदा विचारतात, "शांती आहे का?" सगळे "आहे" म्हणाल्याशिवाय पुढे जात नाहीत. आज मी मुद्दाम "नाही" म्हणालो. ओकच्या झाडाला पाणी घालून घरी एसी लावणाऱ्यांची कसली शांती?

हेलन, माझी गुरू, मरण्याआधी शेवटचा एक विधी करायला हॉस्पिटलमधून आली होती. गुरुपौर्णिमेला मीच दिलेली शाल पांघरून. "प्लीज, समीर," म्हणाली. मी परत "नाही" म्हणालो. विधी कॅन्सल. ती उठताना शाल खाली पडली. मी उचलली नाही.

सहा जण पंथ सोडून माझ्यामागे आले. आता झाडांच्या वतीने मीच बोलणार. ती शाल डोळ्यांसमोरून जात नाही. जाईल.

पहिला नियम लगेच केला: आमच्यात तो प्रश्न कुणी विचारायचा नाही.