खिडकीतला कांदा

गुरुवार, दिवेलागण

आमच्या कुत्र्याला, टायगरला, आज पुन्हा फिट आली. हा आजार त्याला त्याच्या आईकडूनच आलाय. जाणार नाही, पण रोजच्या गोळीनं ताब्यात राहील, असं डॉक्टर म्हणालेत. आप्पांना ते कुठं पटतंय? मागच्या वेळी माणसाला हुंगवतात तसा कांदा फोडून त्याच्या नाकाला लावला. मी केवढी ओरडले! आजही कांदा घेऊनच धावत आले. मग काय मनात आलं कुणास ठाऊक, तो खिडकीत ठेवला, टायगरला लागू नये म्हणून जवळचं स्टूल बाजूला सरकवलं आणि नुसते उभे राहिले. टायगर सावरल्यावर म्हणाले, "ह्या बारीला लगीच उठला की गं!"

कांदा अजून खिडकीतच आहे. आणि आत्ता गोळीच्या वेळेचा गजर वाजला. आप्पांच्या मोबाईलवर. मी तर लावला नव्हता.