अकरावी सही

२७ एप्रिल १९८०, रविवार

नवा पक्ष निघाला, आणि पहिला बळी माझ्या केशरी साडीचा! झेंड्याला हवी म्हणे. आधी जनसंघ, मग जनता, आता भारतीय जनता पक्ष. निशाणी पूर्वी दिवा होता, आता कमळ. पेणमध्ये माणसं मात्र तीच— हे, आणि पुन्हा हेच!

मुंबईहून पत्र आलंय. चार तारखेला पाहुणे येणार. तोवर अकरा सभासदांच्या सह्या झाल्या तर पेणला स्वतंत्र शाखा, नाहीतर पेण रोह्याला जोडणार. आणि रोह्याला अध्यक्ष कोण? माझा दत्तादादा!

ह्यांना घास उतरेना. "मेव्हण्याच्या हाताखाली? त्यापेक्षा संन्यास घेईन!"

म्हटलं, घ्या. पण आधी ताक संपवा.

३० एप्रिल

सात झाले. त्यातले दोघे ह्यांचे चुलतभाऊ, एकाला ऐकू येत नाही.

२ मे

मिठागरावरचा जनू आला. ह्यांचा जुना विद्यार्थी. "गुरुजी, तुमी शिकवलंत म्हनून सही करतो. पन मत शेकापलाच हां!" ह्यांनी तीही धरली. दहा!

एकच हवी. कासाराला विचारलं, न्हाव्याला विचारलं, पोस्टमनला भर रस्त्यात अडवलं. मला मात्र विचारत नाहीत. बायको म्हणजे धरलेलीच असणार!

बरंच आहे बाई. विचारलं असतं तर काय तोंडाने सही केली असती? ह्या पानालाच सांगते— दिव्याला मी कध्धीच मत दिलं नाही. माहेरी खाडीचा बांध फुटला तेव्हा शेकापच्या लाल बावट्याची माणसं कमरेएवढ्या चिखलात उतरली होती. तेव्हापासून माझं मत तिकडेच. ह्यांना कळलं तर जेवण सोडतील.

३ मे, शनिवार

हसून हसून पोट दुखलं! ह्यांनी सभेसाठी हिरामणच्या गणपतीच्या कारखान्यात मातीचं कमळ सांगितलं होतं, दोन फुटी. आज हातगाडीवरून आलं. फडकं काढलं तर कमळावर गणपती! लोडाला टेकून, मस्त ऐसपैस!

"मी कमळ सांगितलं होतं!"

"मग हाय की खाली," हिरामण म्हणाला. "मोकळं कमळ कोन नेतंय गुरुजी? त्यावर बसनार कोन?"

पिढ्यान्‌पिढ्या कमळ म्हणजे बाप्पाचं आसन, त्याचं तरी काय चुकलं? हे परत पाठवणार, तोवर शेजारची ठमाबाई कुंकू लावून, दुर्वा वाहून मोकळी. "आता हलवू नका हां! दीड दिवस तरी ठेवा." वैशाखात गणपती!

४ मे

अंगणात साठ माणसं! मुंबईचे पाहुणे हरखले. "गुरुजी, केवढं काम केलंत!" ठमाबाईने त्यांना चपला काढायला लावल्या आणि हातात टाळ दिले. बिचारे तीन आरत्या उभे होते.

मग ह्यांनी वही पुढे केली. "सही कसली गुरुजी? आमी आरतीला आलो!" खोबरं मुठीत घेऊन सगळे पसार. पाहुणे भाषणाला उभे राहिले तर समोर तेच दहाजण, त्यातला एक चुलतभाऊ पेंगतोय.

पाहुणे अलिबागला गेले. उद्या दुपारी परत जाताना वडखळ नाक्यावर थांबणार आहेत. तोवर अकरावी सही पोचली तर ठीक, नाहीतर रोहा.

हे गणपतीसमोर बसून राहिले. चहासुद्धा नको म्हणाले. इतका पडलेला चेहरा मी पाहिला नव्हता हो कधी.

५ मे

सकाळी राहवलं नाही. खोटी तर खोटी, करून टाकू सही! म्हटलं, "अहो, अख्ख्या पेणला विचारलंत. मी घरात असताना मला का नाही?"

वहीतून मान वर न करता म्हणाले, "बावन्न साली आपल्या केंद्रावर दिव्याच्या पेटीतून एकच चिठ्ठी निघाली, माझी. मोजणीला मीच बसलो होतो."

अठ्ठावीस वर्षं! एका शब्दाने बोलले नाहीत!

मी पेन मागितलं. "नको," म्हणाले, "तुझं मत तुझ्यापाशी." आणि रोह्याला जायची पिशवी भरायला लागले.