आधी सत्कार, मग दुरुस्ती

रवि. १४ डिसेंबर २००८
परिषदेच्या कमिटीची बैठक. कमिटी म्हणजे मी आणि वैशाली. बाकीचे निरोप पाठवतात. 'तात्या, तुम्ही ठरवाल ते.' ठरवून ठरवून डोकं शिणलं.

विषय वेबसाइटच्या सुरक्षेचा. हल्ली दिंडोरीचा द्राक्षवाला वेबसाइट काढतो, स्टेशनसमोरचा लॉजवाला काढतो, पण कुलपाचा विचार कोणी करत नाही. एक दिवस सगळ्यांना एका जागी बसवून सांगावं, एवढंच मनात आहे. लोक विचारतात, एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात जन्मभर टर्बाइनपाशी राबलेल्या माणसाचं यात काय काम? खरंच आहे. कॉम्प्युटर शिकलो तो मोडत, जोडत, पोरांना विचारत. त्यातूनच क्लास निघाला आणि वैशालीसारखी पोरगी शिकून माझ्या पुढे गेली. आता तीच मला शिकवते.

बरी बातमी एकच. १८ जानेवारीसाठी पतसंस्थेचं सभागृह मिळालं. चेअरमन अण्णासाहेब म्हणाले, "तात्या, हॉल आपलाच समजा. जेवणही संस्थेकडून. फक्त दीपप्रज्वलन आमच्या हातून." म्हटलं, दुसऱ्या कोणाच्या?

गुडघा ठणकतोय.

बुध. १७ डिसेंबर
वै. घोटीहून सकाळच्या गाडीने आली ती थेट क्लासवर. दार लोटून घेतलं. चेहरा उतरलेला.

"काका, मी काही फोडलं नाही हं. आधीच सांगते."

तिचं खातं याच पतसंस्थेत. संस्थेच्या वेबसाइटवर घरबसल्या शिल्लक बघता येते, ती बघत होती. वर वेबसाइटच्या पत्त्याच्या पट्टीत तिचा खाते नंबर दिसला. सहज शेवटचा आकडा बदलला. दुसऱ्याच कोणाचं खातं समोर. नाव, पत्ता, शिल्लक, सगळं. घाबरून बंद केलं म्हणाली.

मला समजलं ते असं. चाळीच्या फाटकाला कुलूप आहे. आपली किल्ली लावून आत गेलं की प्रत्येक खोली सताड उघडी. फाटकावर 'कोण?' विचारतात, खोलीच्या दारात कोणी विचारत नाही.

परिषदेत वै.चं भाषण नेमकं याच विषयावर आहे. तिचं पहिलंच. म्हणाली, "नाव कोणाचंच घेणार नाही. पण त्यांच्याच हॉलमध्ये उभं राहून बोलायचं, आणि त्यांना आधी सांगायचं नाही..."  

जेवताना सौ.ला सांगितलं. तिचंही खातं तिथेच, भिशीच्या बायकांबरोबर उघडलेलं.
"म्हणजे माझंपण दिसतं?"
"दिसतं."
"किती आहेत तेपण?"
"तेपण."
वरण वाढता वाढता थांबली. नंतर आमटीत मीठ दोनदा. 

शनि. २० डिसेंबर
वै.ला घेऊन अण्णासाहेबांकडे. माणूस वाईट नाही. भाजीच्या पाट्या डोक्यावर वाहून वर आलेला, सगळ्या फूलवाल्या-भाजीवाल्यांना हाताला धरून संस्थेत आणलं. पण वेबसाइट केली आहे भाच्याने, निलेशने, आणि निलेश शेजारीच बसलेला.

वै.ने सगळं नीट सांगितलं. आवाज थोडा कापत होता.

अण्णासाहेब: "पोरी, तू आमच्या सभासदाचं खातं उघडलंस?"
"उघडंच होतं साहेब."
निलेश: "मामा, याला हॅकिंग म्हणतात. पोलिसांत देता येतं."
मी म्हटलं, अहो, दार उघडं आहे म्हणून सांगायला आलेल्यालाच चोर ठरवता?
अण्णासाहेब बराच वेळ पेपरवेट फिरवत बसले. मग म्हणाले, "तात्या, आमच्या पंगतीला बसायचं आणि आमच्याच भिंतीचं भगदाड गावाला दाखवायचं, हे काय बरोबर नाय. हिचं भाषण काढा. नायतर हॉल दुसरीकडं बघा."

रिक्षात वै. म्हणाली, "काका, काढा माझं नाव. परिषद होऊ द्या."
आणि ती उघडी दारं? त्यांचं काय? 

सोम. २२ डिसेंबर
हॉल शोधत दिवसभर पायपीट. लग्नसराई, सगळीकडे बुकिंग. एका शाळेचा हॉल मोकळा आहे, पण तिथे पडदा नाही, खुर्च्या नाहीत, शिपाईही नाही. पुण्याच्या पाहुण्या वक्त्यांचा फोन: "प्रोजेक्टरची सोय आहे ना?" आहे म्हणालो. खोटं बोलायचा कंटाळा आला.

क्लासवर वै.चं नाव पत्रिकेतून खोडायला घेतलं. पेन हातात धरून बसलो. उद्या बघू म्हटलं.

गुरु. २५ डिसेंबर
पेन्शनरांच्या मंडळात गेलो होतो, जरा डोकं हलकं व्हावं म्हणून. तिथे तिघांचे सत्कार. एकाचा पंचाहत्तरीचा, एकाचा नातवाच्या निकालाचा, आणि तिसऱ्याचा कशाचा ते शेवटपर्यंत कोणालाच कळलं नाही. तरी शाल पांघरल्यावर तिघांचेही चेहरे सारखेच फुललेले.

येताना वाटेत सुचलं. संस्थेने दार बंद केलं, तर परिषदेत त्याचाच सत्कार का करू नये? 'सभासदांची काळजी घेणारी पहिली संस्था.' भगदाडाचं नाव नाही, दुरुस्तीचा मान आहे. अण्णासाहेबांनाही वाट मिळेल, वै.लाही.

शनि. २७ डिसेंबर
एकटाच गेलो अण्णासाहेबांकडे. ऐकता ऐकता पेपरवेट खाली ठेवला.
"मानपत्र पण?"
"मानपत्र पण."
"फ्रेमसकट?"
"फ्रेमसकट, अण्णासाहेब."
निलेशला बोलावलं. "संक्रांतीच्या आत ते दार बंद करायचं." वै.चं भाषणही कायम. हॉलही कायम.

घरी येऊन नुसता पडून राहिलो. 

रवि. ४ जानेवारी २००९
वै. रुसली आहे. "चूक त्यांची, आणि शालपण त्यांनाच?"
"शाल दुरुस्तीची गं."
"मग दुरुस्ती झाल्यावर द्या."
"होईल की तोवर."
वहीत सामोसे मोजायला लागली. चहाच्या वेळी किती लागतील त्याचा हिशोब. आमचं भांडण असंच असतं. काम थांबत नाही.

रवि. ११ जानेवारी
निलेशचा फोन. "तात्या, झालं काम. बघा." सौ.च्या नावाने आत गेलो. (तिने पासवर्ड स्वतःच्या हाताने टाकला, आणि शिल्लक येईल त्या जागी पदर धरून उभी राहिली!) पत्त्याच्या पट्टीत पाहिलं. नंबर गायब. चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. खरंच गायब. जीव भांड्यात पडला. मानपत्र छापायला दिलं.

वै. म्हणाली, "काका, मी एकदा नीट बघू का?"
म्हटलं, शब्द दिलाय त्यांनी. ज्याचा सत्कार करायचा त्याची आधी झडती घ्यायची का? बरं दिसतं का ते?
"बरं दिसत नाही," म्हणाली. 

बुध. १४ जानेवारी
संक्रांत. अण्णासाहेबांकडे तिळगूळ घेऊन गेलो. आरशासमोर भाषणाची तालीम चालू होती. निलेशने वाकून नमस्कार केला. गोड वाटलं. परिषदेला येणाऱ्यांचे फोन चालूच. निम्मे विचारतात जेवणात काय आहे, निम्मे विचारतात सर्टिफिकेट मिळेल ना. वेबसाइटचं कोणी विचारत नाही.

थंडी मी म्हणतेय. गुडघ्याला सौ.ने एरंडाची पानं बांधली.

शनि. १७ जानेवारी
बॅनर लागला. उद्या सकाळी भारनियमन, जनरेटर सांगावा लागला. आयुष्यभर वीज तयार केली आणि आता एक दिवा लावायला डिझेल शोधतोय. वै. मुक्कामाला आमच्याकडे. सौ. आणि ती स्वयंपाकघरात लाडू वळतायत, हसण्याचे आवाज. नंतर वै. बाहेरच्या खोलीत कॉम्प्युटरवर बसली. मला डोळे उघडे ठेवता येईनात.

रवि. १८ जानेवारी
लिहायचं त्राण नाही, पण लिहिलं नाही तर उद्या खरं वाटणार नाही.

हॉल बऱ्यापैकी भरला. दिवा पेटला. जनरेटर दोनदा खोकून चालू झाला. पुण्याचे पाहुणे छान बोलले, मला अर्धं कळलं. मग सत्कार. शाल, श्रीफळ, मानपत्र. अण्णासाहेब माइकपाशी गेले ते खुशीत. ठरलेलं भाषण संपवलं आणि पुढे स्वतःच्या मनाचं:
"आता या हॉलमधल्या कोणीबी यावं, आणि आमच्या संस्थेच्या दाराला धक्का देऊन दाखवावा!"
टाळ्या. मीही वाजवत होतो. पहिल्या रांगेत वै. बसलेली. तिचे हात मांडीवर.

ते हात पाहिले आणि माझी टाळी अर्ध्यावर थांबली.

मागच्या रांगेत कॉलेजच्या दोन पोरांनी लॅपटॉप उघडले. हसत हसत. अण्णासाहेब वरून त्यांना बोटाने खुणावतायत, "या, या!" मला दुसरं काही सुचलं नाही. माइक ओढून घेतला आणि म्हणालो, "मंडळी, जेवण तयार आहे. गरम आहे तोवर."

हॉल रिकामा व्हायला वेळ लागला नाही. लॅपटॉप मिटले, पोरंच आधी धावली. खाली आचारी माझ्या नावाने शंख करत होता. पुऱ्यांचं तेलही तापलं नव्हतं.

जिन्यात वै.ला गाठलं. "उघडंच आहे?"
"काल रात्री कळलं काका. नंबर वरून काढला आणि पानाच्या पोटात लपवला, बस. बघणाऱ्याला दिसतो, बदलतापण येतो. तुम्ही इतके दमला होतात... म्हटलं, आजचा दिवस जाऊ दे, उद्या सांगेन."

म्हणजे किल्ली दारावरून काढली आणि पायपुसण्याखाली ठेवली. आणि मी दारावर किल्ली नाही म्हणून शाल दिली. तिने बघू का विचारलं, तेव्हा बरं दिसत नाही म्हणालो.

मागच्या खोलीत अण्णासाहेब, वै. आणि मी. खांद्यावर अजून शाल. वै. म्हणाली, "साहेब, तुम्ही हो म्हणालात तरच दाखवते. तुमचं खातं तुम्ही उघडा. नंबर घरातल्याच कोणाचा तरी सांगा." अण्णासाहेबांनी बायकोचा सांगितला. क्षणात वहिनींचं नाव पडद्यावर. अण्णासाहेब खुर्चीत पुढे सरकले, मग मागे टेकले.

"हे कोणालाबी दिसेल?"
"ज्याचं इथे खातं आहे, त्या कोणालाही."
"फूलवाल्या बायांचंबी?"
"हो."

शाल काढली. घडी घातली, चांगली निगुतीने. निलेशला हाक मारली. निलेश म्हणाला, "मामा, असं कोण बघायला जातंय?" अण्णासाहेब एवढंच म्हणाले, "आत्ता बंद कर. सगळी वेबसाइट." त्याने बंद केली. डोळे वै.वर रोखलेले.

जेवणानंतर वै. बोलली. नाव कोणाचं नाही. आवाज सुरुवातीला कापला, नंतर नाही. पोरांनी प्रश्नांवर प्रश्न विचारले. अण्णासाहेब पहिल्या रांगेत शेवटपर्यंत बसून होते, बिनशालीचे. टाळ्या वाजवल्या नाहीत, उठूनही गेले नाहीत. जाताना वै.ला: "मंगळवारी ऑफिसात ये." रागाने की कशाने, ओळखता आलं नाही.

सोम. १९ जानेवारी
दिवसभर पडून. भाड्याने आणलेल्या जादा खुर्च्या मोजून परत करायच्या राहिल्यात. वै.चा फोन: "काका, ते पोलिसांचं खरं करतील का हो?" नाही म्हणालो. तिच्या घरी अजून कोणाला माहीत नाही. उद्या सोबत येतो म्हटलं. "नको, एकटी जाते. तुम्ही आलात की तुम्ही मध्ये पडता."

खरं बोलली. मी मध्ये पडलो म्हणूनच शाल आधी गेली.

सौ.: "बंद आहे म्हणजे आता कोणाला दिसत नाही ना?"
"मलासुद्धा नाही."
हसली. बऱ्याच दिवसांनी आमटी नीट झाली.

मंगळ. २० जानेवारी
वै. सकाळीच गेली. दुपार झाली तरी फोन नाही. लावला तर बंद.

चहाच्या वेळी संस्थेचा शिपाई दारात. हातात पिशवी. आत परवाची शाल, घडी तशीच, आणि वर नारळ. मानपत्र नाही.

"हे काय?"
"सायबांनी द्याया सांगितलं."
"काही म्हणाले?"
"नाय."
"आणि वैशाली? आमची मुलगी गेलीय तिथे."
"ती हाय की. निलेशभाऊ अन् ती, कॉम्प्युटरच्या खोलीत. सायबांनी मधे खुर्ची टाकलीय. दार लावून बसलेत सकाळपासून."
"आवाज?"
"पयले लय चढला व्हता. आता नाय. दोनदा च्या मागवला."
"किती कप?"
"तीन."

तो गेला. सौ. म्हणते, रागाने परत पाठवलं, दुसरं काय? मला सांगता येत नाही. रागावलेला माणूस घडी इतकी नीट ठेवील का? मानपत्र तेवढं का ठेवून घेतलं?

सौ.ने नारळ उचलला. "फोडू? चटणी होईल."
म्हटलं, नको. देवापाशी ठेव. दुरुस्ती झाली की सत्काराला लागेल बहुतेक.
कानाशी धरून हलवून पाहिला. "पाणी आहे अजून," म्हणाली आणि आत घेऊन गेली.

दिवेलागण झाली. फाटक वाजलं की बघतोय.