मातीचं हरीण

माय,
तुही रीता पाया पडते. नागझिऱ्याजवळ पोरायच्या शिबिरात मी मजेत आहो, काळजी करू नोको.

काल जंगलात पोरायले पत्रावळी टाचायले शिकवून राहिली होती. समोरच रानकुत्र्यायनं हरीण पाडलं आणि जित्तंच फाडलं. आतडी ओढत होते तरी ते मान वर करत होतं. मी किती जणायचे डोळे झाकू?

आज मातीची जनावरं करायले सांगितली. साऱ्यायनं फाटलेलं हरीणच केलं, पोटात पळसाची फुलं कोंबली. रक्षा नावाच्या पोरीनं मात्र रानकुत्र्याची पिल्लं करून हरणाजवळ जेवायले बसवली. मी तिच्यावर ओरडली. ती म्हणे, "मॅडम, यायची माय यायच्यासाठीच शिकारीले गेली होती ना?"

माहा भूपेंद्र जेवते ना बरोबर? माय कुठी गेली म्हणून रडला, तर त्याले सांगजो, तुह्यासाठीच गेली.

तुही लेक,
रीता