माझ्या हातची गोळी

बाई, अजून डोळ्यांपुढे येतं, चुलीवरच्या पातेल्यात तुमच्या इंजेक्शनच्या सुया उकळतायत आणि मी शाळेची पडवी झाडतेय. चंदगडच्या डोंगरातलं ते गाव, भातकापणीचे दिवस. धुकं इतकं की शाळेत भरणाऱ्या आपल्या दवाखान्यापुढच्या रांगेतली माणसं आधी खोकल्यानंच कळायची. सुया फडक्यावर मांडून मी हिवतापाच्या गोळ्यांच्या पुड्या बांधायची, आणि तुम्ही चहा घेत माझ्याकडून शिकलेली मराठी बोलून बघायचात. साता समुद्रापलीकडून दोन महिन्यांसाठी आलेली डॉक्टरीण रोग्याला "काय व्हतंय?" विचारते, याचं आपल्या कंपाउंडरला हसू आवरायचं नाही.

कोल्हापुरात मी शाहूपुरीला दिराच्या घरी राहत होते. नवरा गेल्यावर वाण्याच्या पुड्यांचे कागद वाचत अक्षरं जुळवली होती. पुड्यांवर रोग्यांची नावं लिहायला बाई हवी म्हणून तुम्ही मला बरोबर घेतलंत. माझ्या मोकळ्या कपाळाकडे तुम्ही पाहिलंच नाही. एक गोष्ट मात्र रोज बजावायचात. गोळी देऊन परत यायचं नाही, गिळलेली डोळ्यांनी बघायची. एकदा मी एका म्हाताऱ्याच्या हातात नुसती पुडी देऊन आले, तर सगळ्यांदेखत बोललात. मला राग आला नाही. घरी सगळे बोलायचे, पण कामाच्या चुकीसाठी मला पहिल्यांदाच कुणी बोललं होतं.

गावाच्या वरच्या अंगाला एक घर होतं. तिथली सून पहिलटकरीण, सातवा महिना, ताप उतरत नव्हता. तुम्ही तिला तपासलंत, आणि तीन दिवस सकाळ-संध्याकाळ मी घरी जाऊन गोळी द्यायची असं ठरलं. सासू दारातच उभी होती. तिनं माझं कपाळ पाहिलं आणि आवाज न चढवता म्हणाली, "अक्का, राग धरू नगा. पोटुशी हाय ती. तुमच्या हातचं तिला चालायचं न्हाय." मी म्हटलं, मग तुम्ही द्या. उंबऱ्यावर ठेवा, देते की, म्हणाली. आतून सुनेचं कण्हणं ऐकू येत होतं. मी पुडी ठेवली आणि आले.

"गिळली?" तुम्ही विचारलंत.

"व्हय," मी म्हटलं.

संध्याकाळी दुसरी पुडी घेऊन गेले, तर पहिली दाराजवळच्या कोनाड्यात तशीच होती, वर माझ्या अक्षरात सुनेचं नाव. विधवेनं बांधलेली पुडी ती. सासूच्या हातून दिली तरी सुनेला ती चालणार नव्हतीच. तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही तशाच उठून चढ चढून गेला असतात. पण मग तुम्हाला कळलं असतं की पोटुशा बायका माझ्या हातचं घेत नाहीत. मला वाटलं, मला परत पाठवाल, दिराच्या चुलीपाशी. सहाही वेळा मी व्हय म्हटलं.

चौथ्या दिवशी ती गेली, पोटातल्या जिवासकट. तुम्ही पायरीवर बसून औषधांचं पुस्तक चाळत होतात. औषध तर पोटात गेलं होतं, म्हणालात, मग माझंच काहीतरी चुकलं. मी समोर उभी होते. मायदेशी परतल्यावर दोन वर्षांत तुम्हीही गेलात. तुमच्या बहिणीचं इंग्रजी पत्र आलं, ते कंपाउंडरनं वाचून दाखवलं. शेवटच्या दुखण्यातही तुम्ही त्या पोरीचं नाव काढायचात, किती गोळ्या द्यायला हव्या होत्या असं विचारायचात.

बहिणीचा पत्ता माझ्याकडे आहे. तिनं त्या पत्रात माझे आभार मानले होते. हे कळल्यावर ती ते परत घेईल, याची मला अजून भीती वाटते, म्हणून हे लिहिलेलं तिला पाठवणार नाही.

ती पोर गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी मी त्या घरी गेले. सासूनं सहाही पुड्या आणून दिल्या. मी शाळेत येऊन कागद चुलीत घातले, गोळ्या तुमच्या औषधाच्या बरणीत परत ओतल्या आणि झाकण लावलं.