हलव्याची कंठी

आई,

आधी घडलं ते क्रमाने लिहिते.

१. समोरच्या दारातल्या मैत्रिणीने तिच्या मुलाच्या बोरन्हाणासाठी तू केलेले हलव्याचे दागिने मागितले. मी दिले.
२. हळदीकुंकवाला आलेल्या बायकांना तिने सांगितलं, "चार दिस बसून मीच केले."
३. माझी मुलगी म्हणाली, "माज्या आज्जीनं केलेत."
४. मी तिला म्हणाले, "नाही. गप्प बस."

हे पत्र चौथ्यासाठी आहे.

तू ते दागिने केलेस तेव्हा माझं लग्नही ठरलं नव्हतं. आष्टीच्या स्वयंपाकघरात शेगडीवर परात आहे, परातीत तीळ, आणि चमच्याने थेंब थेंब पाक सोडत तू बोटांनी दाणे फिरवते आहेस. मी कॉलेजातून सुट्टीला आलेली. आच वाढवली तर लवकर आटोपेल म्हणून मी निखाऱ्यांवर फुंकर घातली आणि सगळा हलवा चिकटून गोळा झाला. "इंजिनेर व्हायलीस अन् आच कळंना तुला?" एवढं म्हणून तू परात खरवडलीस आणि पुन्हा तीळ घेतलेस. कोणासाठी करतेस, विचारलं तर म्हणालीस, "येईल की कोणीतरी." माझी मुलगी आली तोवर तू गेली होतीस, तू तिला पाहिलं नाहीस. ती तुला त्या दागिन्यांच्या डब्यातूनच ओळखते. मुकुट, कंठी, बाजूबंद, सगळं तिला पाठ आहे.

बीडला बदली झाली तेव्हा या मैत्रिणीशिवाय मला कोणी नव्हतं. पाणीपुरवठ्याच्या कामावर धारूरकडे अडकले की मुलीला तीच जेवू घालायची. मग चार जणींत म्हणायची, "ह्यांच्या लेकराला बोलायला मीच शिकवलं बरं का. आईला पाइपलाइनीतून सवड कुटं हाय?" बायका हसायच्या, मीही हसायचे. आणि तिच्या मुलाला रंग ओळखता येत नव्हते तेव्हा मी मुद्दाम सगळ्यांसमोर माझ्या मुलीला रंग विचारले होते. हिशेब दोन्हीकडून चालू होता. त्याला आम्ही मैत्री म्हणत होतो.

त्या हळदीकुंकवाला मुलगी बोलली तशी मैत्रीण हसत म्हणाली, "बगा, एवढीशी हाय अन् लबाड बोलाया लागली." सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. दुसऱ्या दिवशी मला साइटवर जायचं होतं. मुलीला कुठे ठेवायचं, एवढंच डोक्यात आलं, आणि मी तिला गप्प केलं.

तू काय केलं असतंस ते मला माहीत आहे. तुझ्या पुरणपोळ्या मोठ्या काकूने पाहुण्यांना आपल्या म्हणून सांगितल्या, तेव्हा तू वाढता वाढता म्हणालीस, "खावा खावा, मी केल्यात," आणि काकूच्याच ताटात आधी तूप वाढलंस.

डबा परत आला आहे. काल कंठी घालायला गेले तर मुलीने मान मागे घेतली. "ती आज्जीची न्हाई. तूच म्हणलीस." मी म्हटलं, आज्जीचीच आहे. तर म्हणाली, "मग तवा न्हाई कावून म्हणलीस?"

तिचं बोरन्हाण करायचं आहे. त्याच बायकांना बोलावणार आहे, मैत्रिणीलाही, आणि दागिने कोणी केले ते सांगणार आहे. वाक्य तयार आहे. फक्त एक विचारायचं होतं: ते तूप वाढताना तुझा हात थरथरला होता का?

मुलीला सांगितलंय की आज्जीला पत्र टाकलं. टाकलेलं नाही, हलव्याच्या डब्यात ठेवते आहे. रथसप्तमीच्या आत कळव.