वाकड्या नाकाचा कॅमेरॉन

प्रिय बाबा,

काल तुमच्या नातवाचं बारसं झालं, आणि तुम्हाला कधी एकदा सांगते असं झालंय! फोन लागत नाही म्हणून काय, कागद तर आहे.

बाळ झालं तेव्हाच मी ठरवलं होतं, नाव वसंत. तुमचंच. पण इयनच्या घरची रीत निराळी. स्कॉटलंडात म्हणे आईचं नाहीतर आजीचं माहेरचं आडनाव पोराचं नाव म्हणून ठेवतात. माझ्या सासूबाई माहेरच्या कॅमेरॉन. आपल्याकडे पाळण्यात कुणी 'कुलकर्णी' घालतं का हो? खूप भांडले मी. तुम्ही गेलात, निदान तुमचं नाव तरी घरात राहावं, एवढंच मला हवं होतं.

आई मात्र माझी बाजू घेईना. चिडले तेव्हा म्हणाली, "अगं, वसंत ठेवलंस तर मी त्याला हाक कशी मारू? उखाणा सोडला तर यांचं नाव कधी तोंडातून काढलं नाही. ते काय आता इथे आखातात, तुझ्या अल बर्शात येऊन काढू?"

बघा तुमची बायको! मी हार मानली, पण मनातून हिरमुसलेच.

बारशाला इयनची बहीण फियोना ग्लासगोहून आली. आत्या म्हणून नाव तिनेच कानात सांगायचं. "यल्ला, आत्या!" इयनने इथल्या अरबीत घाई केली. ती पाळण्यावर वाकली, 'कुर्र' केलं, आणि रीतीप्रमाणे आम्ही तिच्या पाठीत धपाटे घातले. हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं! गर्रकन वळून तिने आईलाच एक ठेवून दिला. काय हशा पिकला म्हणून सांगू!

हसू ओसरल्यावर आईने नावाचा अर्थ विचारला. फियोनाने इंग्रजीत सांगितला. इयनने मोडक्या मराठीत पुढे केला, "आई, आमच्या जुन्या भाषेत... वाकडा नाक."

आम्ही पाळण्यात पाहिलं. बाबा, तुमचंच नाक हो! तसंच डावीकडे कललेलं. भांडणाच्या नादात माझं लक्षच गेलं नव्हतं.

"अगोबाई, मग हे तर यांचंच नाव झालं की!" आई म्हणाली, आणि हसता हसता रडायलाच लागली. मीही.

आज सकाळपासून घरभर एकच चाललंय. "कॅमेरॉन, ऊठ रे! कॅमेरॉन, किती झोपशील?" उभ्या संसारात तुम्हाला नावाने हाक न मारलेली बाई सगळी कसर भरून काढतेय!

उद्यापासून मालिशवाली येणार आहे. रोज तेलाचं बोट फिरवून नाक सरळ करून देते म्हणते. शब्द देते बाबा, हातपाय हवे तेवढे चोळू दे, पण त्या नाकाला मी कुणाला हात लावू देणार नाही.

तुमचीच,
मनू